पाच दिवस उघडायचं नाही

पवळे सिस्टर सोमवारी आल्या,
हेल्मेट फ्रिजवर ठेवलं
आणि पिशवीतून काढला एक चौकोन,
आंबापोळीसारखा लवचिक, रंगाने फिका.
"हायड्रोकोलॉइड," म्हणाल्या.
मी तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा निम्मं जमलं.
मथुरा कुशीवर होती, तोंड भिंतीकडे.
तिथूनच म्हणाली, "पोळी म्हणा."

जखम माकडहाडावर.
खुबा मोडून ती अंथरुणाला लागली तेव्हा नुसती लाली होती,
दिवाळीत रुपयाएवढी,
आता वाटीच्या तळाएवढी.
मी काय केलं नाही?
हळद. पावडर. टेबलफॅन तिच्या कमरेकडे वळवून,
वाळू दे, हवा लागू दे, खपली धरू दे.
दिवसातून दोनदा गॉज सोलायचो
आणि धरू पाहणारी कातडी
दोनदा त्याच्यासोबत निघून यायची.
सिस्टर रागावल्या नाहीत.
"काका, नव्या कातडीला ओल लागते,
कोरड्यावरून तिला सरकता येत नाही."

मग म्हणाल्या, "तळव्यांत धरा मिनिटभर. ऊब द्या."
लग्नाला एकावन्न वर्षं झाली.
तिच्यासाठी हातात काही धरून
घड्याळाकडे बघत असा उभा राहिलो नव्हतो कधी.

मथुरा अप्पा बळवंत चौकामागे
बाइंडिंगमध्ये होती अठ्ठावीस वर्षं,
लेजर, जर्नलं, शाळांची हजेरीपुस्तकं.
भिंतीकडून आवाज आला,
"कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचलतो.
मधून बाहेर दाबत न्या, हवा राहू देऊ नका.
आणि चिकटवलं की
बघण्यासाठी म्हणून उघडायचं नाही."
सिस्टर कात्री धरून थांबल्या.
"आजींनी कोर्स केलाय?"

जाताना जिन्यातून ओरडल्या,
"पाच दिवस! कडेने गळलं, ताप आला, तरच फोन."

मी वीज मंडळात मीटर वाचायचो.
बिबवेवाडी, धनकवडी, अरण्येश्वर,
जिन्याखाली धूळ, काचेआड फिरती चकती.
काचेतून वाचायचं, सील तोडायचं नाही.
नोकरीभर पाळलं.
इथे तिसऱ्याच दिवशी
पोळी मध्यात पांढरी फुगली,
बोट टेकवलं तर आत दाटसर काही हललं.
वास आंबट, शिळ्या ताकाचा.
पू, मी मनात म्हटलं.
नख कडेखाली गेलंसुद्धा.
"काय करताय?"
"काही नाही. बघतोय."
"सील आहे ते."

तिने ती जागा अजून पाहिलेली नाही.
आरसा धरू का विचारलं, नको म्हणाली.
रोज विचारते, कशी आहे.
रोज सांगतो, कमी आहे.
एकदा म्हणाली, "आधी कमी म्हणताना तुम्ही थांबायचात,
आता पटकन म्हणता.
यातलं खोटं कुठलं?"

दर दोन तासांनी कूस बदलायची.
दोनला, चारला.
चारच्या वेळी कधीकधी ती जागीच असते
आणि आम्ही पुन्हा भांडतो, हळू आवाजात,
उशी गुडघ्यांमध्ये घालायची की पाठीला.

शनिवारी सिस्टरनी पोळी काढली.
वर ओढून नाही,
कडेला धरून कातडीलगत ताणत, हळूहळू.
खाली पिवळट चिकट लगदा, मी श्वास धरला.
"पू नाही हो. जखमेचं पाणी पिऊन ही अशीच होते."
सलाईनने धुतलं.
तळ लाल, ओलसर, दाणेदार,
आणि एका कडेने गुलाबी रेघ,
शिताएवढी रुंद. जास्त नाही.

दुधाच्या धुतलेल्या पिशवीवर
सिस्टरनी पेनाने तिची सीमा काढली,
मागच्या आठवड्याच्या आकारावर ठेवली.
मी वही घेतली. जुनी सवय,
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
"किती आलं?" मथुराने विचारलं.
मी थांबलो.
थांबलेलं तिला ऐकू गेलं.
"तीन मिलिमीटर," मी म्हटलं, "कमी."
ती काही बोलली नाही.
पुढची पोळी माझ्या तळव्यांत होती,
अजून गार.